बिबळ्याचं बोलणं

कासामा, ९ ऑगस्ट

सवतीबाई,

सांगते मी, लिहिते मुबांगा. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, तुझी मावशी. शाळेतून निवृत्त झाली तरी तिच्या हातातला खडू काही सुटला नाही. म्हणाली, नातीला सवत म्हणणं तोंडी ठीक आहे, पत्रात शोभत नाही. मी म्हटलं, चार वर्षांची होती तेव्हा माझ्या नवऱ्याच्या मांडीवरून मला ढकलून स्वतः बसायची, तिला दुसरं काय म्हणू? हेही लिही म्हटलं. लिहिलं बघ तिनं.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू म्हणतेस, आजी, मीटिंग आहे. कागदाला मीटिंग नसते. मुबांगा या पानांचे फोटो काढून तुझ्या फोनवर धाडेल. वाचायचे नसले तर तुझ्या उंदरांना वाचून दाखव. तिथे ग्लासगोत तू उंदरांना तुझ्या आईचा रोग लावतेस आणि मग बरा करायला बघतेस असं ऐकलं. आमच्याकडच्या उंदरांना इतकं कोणी विचारत नाही.

इकडे सगळं ठीक. थंडी सरली. शेजाऱ्याच्या डुकरांनी माझी रताळी उकरली, त्याला चार शब्द सुनावले, त्यानं अर्धं डुक्कर देऊ केलं. पण मला मांसाचा वास सहन होईना. सगळं मुबांगानंच खाल्लं.

जरा खाज सुटली आहे. दाणे काढलेल्या कणसानं पाठ खाजवते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मुबांगा म्हणते तुमचे डोळे पिवळे दिसतात. मी म्हटलं तुझा चष्मा बदल. लघवी काळ्या चहासारखी होते. हे लिहायला ती तयार नव्हती. मी म्हटलं, लिही, ती असल्याच गोष्टींवर पोट भरते, लाजायची नाही.

तुझ्या आईला झालं होतं ते हे नाही. काम्पाम्बाला दुखत होतं. मला दुखत नाही. नुसती भूक नाही आणि दुपार झाली की कोणीतरी पोत्यासारखं उचलून आत नेऊन ठेवावं असं वाटतं.

तू अजून रागावलेली आहेस ते मला माहीत आहे. काम्पाम्बाला पुरायच्या आधी तिच्या पोटातला रोगाचा तुकडा काढून बाटलीत ठेवू द्या म्हणालीस आणि मी नाही म्हटलं. माझी मुलगी मातीत अख्खी जाणार होती आणि अख्खी गेली. तू सुतकाचे दिवस संपायच्या आत बॅग उचललीस. त्याला नऊ वर्षं झाली. आज विचारलंस तरी मी नाहीच म्हणेन. उगाच आशा लावून बसू नकोस.

ये असंही म्हणत नाही. कळवावं म्हणून कळवलं.

बाना काम्पाम्बा, म्हणजे काम्पाम्बाची आई, तुझी थोरली सवत


न्डोला, २८ ऑगस्ट

सवतीबाई,

मोठ्या हॉस्पिटलात आहे. बसनं आलो. वाटेत मी सगळ्यांना ताटकळत ठेवून झाडाआड गेले तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, आई, तुमच्यासाठी वेगळी बस लावू का. मी म्हटलं लाव, आणि वेगळा ड्रायव्हरही.

उत्तर आलं नाही तुझं. येणार नाही असं मी मुबांगाशी पैजेवर सांगितलं होतं. जिंकले.

इथे मुबांगा माझ्या खाटेशेजारी कमरेला गुंडाळायचं चितेंगे अंथरून असते. मला मशीनमध्ये घातलं, पोटाचे फोटो काढले. मग डॉक्टर आला. कपासा नाव. चाळिशीचा, केस मागे हटायला लागलेले. आधी कागद बघितले, मग मला बघितलं, मग विचारलं,

"आजी, कूळ कोणतं?"

"बकरीचं."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मग देवानं माझं जेवण पाठवलं म्हणायचं. मी बिबळ्याच्या कुळातला."

"बिबळ्या? मला वाटलं चष्मा लावलेलं मांजर आहे."

नर्सांना हसू आवरेना. मला पिवळी पडल्यापासून पहिल्यांदाच बरं वाटलं. तू इतकी वर्षं बर्फात काढलीस, विसरली असशील म्हणून सांगते. बिबळ्यानं बकरीला काहीही बोलावं आणि बकरीनं त्याला. शिवी द्यावी, ताटातलं उचलावं, तू मेलीस की तुझी भांडी माझी असं म्हणावं. बकरीनं राग धरला तर तिचंच हसं होतं. आणि बकरी खरोखर मेली की तिला खड्ड्यात उतरवायला बिबळ्यांनीच यायचं. रडायला घरचे असतात. कामाला हे.

तर हा बिबळ्या खाटेवर बसला आणि कागदावर चित्र काढलं. पोटामागे एक लांबट ग्रंथी असते म्हणाला. मुबांगा म्हणते पुस्तकात तिला स्वादुपिंड म्हणतात. मी जन्मात इतकी डुकरं सोलली, त्या तुकड्याला नाव द्यावं असं कधी वाटलं नाही. त्या ग्रंथीच्या डोक्यात गाठ आहे, तिनं पित्ताची वाट आवळून धरली आहे, म्हणून मी पिवळी आणि म्हणून ही खाज.

"मी ते डोकं कापणार," म्हणाला. "त्याच्याबरोबर आतड्याचा तुकडा, पित्ताची पिशवी, हे सगळं. मग उरलेलं पुन्हा एकमेकांना शिवणार. अख्खा दिवस जाईल. ती शिवण गळली तर त्या ग्रंथीचा रस पोटात सांडतो. तो रस मांस पचवण्यासाठीच असतो, आजी. ते मांस आपलं की परक्याचं, हे तो बघत नाही. काही माणसं त्यातून उठत नाहीत. उठलेल्यांतही बहुतेकांची गाठ वर्षा-दोन वर्षांत परत येते. आणि काहीच केलं नाही तर पुढची मक्याची कापणी तुम्ही बघाल असं मला वाटत नाही."

सवतीबाई, मी हसून हसून खोकले. बिबळ्या बकरीला दुसरं काय सांगणार? पोट फाडतो, आतडी काढतो, मेलीस तू. माझ्या लहानपणी पाणवठ्यावरचा म्हातारा बिबळ्या मला हेच सांगायचा, याच्याइतकं बारकाईनं नाही इतकंच. मी म्हटलं, "आधी दात घासून ये. आणि शेपटी तेवढी ठेव, ती माझ्या नातीला द्यायची आहे."

त्यानं कागद पुढे केला. मी अंगठा उठवला. त्यानं विचारलं, "आजी, समजलं ना सगळं?"

"समजलं, समजलं. मीठ बेतानं घाल."

बुधवारी कापणार. छोटंसंच काही असेल. मी मुबांगाला विचारलं, खरं कारण काय सांगितलं गं तुला बाहेर? ती खिडकीकडे बघत म्हणाली, पित्ताचा खडा असावा. मग कपडे धुवायला गेली. आदल्याच दिवशी धुतलेले.

तुझी सवत


न्डोला, १ सप्टेंबर

म्वाबा,

आज सवतीबाई म्हणत नाही. मुबांगानं मान वर करून बघितलं. लिही म्हटलं, म्वाबाच लिही.

माझ्या शेजारच्या खाटेवर इनोंगे नावाची बाई आहे. मोंगूकडची, लोझी लोकांतली. त्यांच्यात आपल्यासारखी कुळं नाहीत. बिबळ्याशी तिचं चेष्टेचं काय, कसलंच नातं नाही. मासा कसा वाळवावा यावरून आम्ही भांडलो आणि मैत्रीण झालो. तीही पिवळी आहे.

आज सकाळी कपासा तिच्या खाटेवर बसला. कागदावर चित्र काढलं. तेच चित्र. म्हणाला, डोकं कापावं लागेल. शिवण गळली तर तो रस मांस पचवतो. काही माणसं उठत नाहीत. गाठ परत येते. तेच शब्द, त्याच आवाजात. मीठ कमी नाही, जास्त नाही.

इनोंगे हसली नाही. तिनं चादर तोंडावर ओढून घेतली.

मी आडवी झाले आणि त्यानं मला सांगितलेलं सगळं पुन्हा एकदा मनात म्हणून बघितलं, या वेळी न हसता. फार वेळ लागला नाही.

दुपारी तो आला तेव्हा मी म्हटलं, "बिबळ्या, त्या दिवशी तू खरं बोलत होतास."

तो उभाच राहिला. "तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं तू बिबळ्या आहेस."

तो खाटेच्या कडेला टेकला. चष्मा काढला. "आणि मला वाटलं, केवढ्या धीराची बाई आहे. घरी जाऊन बायकोला सांगितलं मी. आजी, मी मुद्दामच कूळ विचारलं. नातेवाईक बाहेर हात जोडतात, आईला काही सांगू नका म्हणून. बकरीला मी सांगू शकतो, मला कोणी अडवणार नाही, असं वाटलं."

"सांगितलंस की. मी ऐकलं नाही."

दोघंही कुळाच्या भरवशावर बसलो, झालं. मी म्हटलं, बुधवार पुढे ढकल. मला कोणाला तरी विचारायचं आहे. तो म्हणाला, फार नाही थांबता येणार, पण थांबतो.

तर तुला विचारते आहे. आता नीट ऐक, कारण मला हे दोनदा सांगायची ताकद नाही.

या जगात माझी चेष्टा करायचा हक्क दोघांना आहे. बिबळ्यांना आणि नातवंडांना. बाकीचे सगळे माझा मान ठेवतात, म्हणजे मला खोटं सांगतात. मुबांगा मुलीच्या नात्याची, मला आईच म्हणते. तिच्या तोंडून हे कधीच निघणार नाही, हे लिहिताना बघ तिचं अक्षर कसं वाकडं जायला लागलं. उरलीस तू. पण तुझं-माझंही आयुष्यभर चेष्टेतच चाललं आणि मग चालायचंच थांबलं. म्हणून आज मी चेष्टा खाली ठेवते. तूही ठेव, एका पत्रापुरती. राग हवा तर हातात राहू दे.

कापू देऊ की नको?

धीर देऊ नकोस. देवाच्या हातात आहे म्हणू नकोस, ते फादर रविवारी येऊन म्हणून जातात. आजी मरणाला भीत नाही असं लिहायला मुबांगानं आत्ता पेन उचललं होतं. भिते मी. पण त्याहून जास्त मी थकले आहे. माझ्याकडे जेवढी ताकद उरली आहे ती एकाच कामाला पुरेल. काप म्हणालीस तर ती कापून घेण्यात घालते. नको म्हणालीस तर मला ती दुसरीकडे वापरायची आहे. दोन्ही नाही जमणार.

बिबळ्यानं माझे पोटाचे फोटो आणि रक्ताचे कागद मुबांगाच्या फोनवर दिले आहेत. ते सोबत पाठवते. तुला ते वाचता येतात. माझ्या घरातली सगळी विद्या तुझ्यापाशीच गेली.

आजी


न्डोला, १० सप्टेंबर

म्वाबा,

तुझं उत्तर आलं. कसं ऐकलं ते सांगते.

मुबांगा फोन घेऊन बसली. म्हणाली, म्वाबा म्हणते काळजी करू नका, सगळं ठीक होईल, डॉक्टर सांगतील तसं करा. आणि थांबली. मी तिच्या अंगठ्याकडे बघत होते. अंगठा फोनवर वर सरकतो आहे, सरकतो आहे, आणि तोंड मात्र केव्हाच मिटलेलं. मला अक्षरं येत नाहीत, पण लांब काय आणि आखूड काय ते कळतं.

"बरंच मोठं 'काळजी करू नका' लिहिलंय गं तिनं," मी म्हटलं.

"आई, मला पुढचं वाचवत नाही."

"मग बिबळ्याला बोलाव."

हे ती आत्ता लिहिते आहे आणि नाक पुसते आहे. लिही बाई, तुझ्यावर राग नाही. तुझं नातंच तसलं.

कपासा आला. मी म्हटलं, हे वाच. पहिल्यापासून शेवटपर्यंत. बिबळ्या आहेस, गाळायचं नाही. त्यानं उभ्यानं सुरुवात केली. थोडं वाचल्यावर स्टूल ओढून घेतलं.

तू लिहिलं होतंस की गाठ मोठ्या शिरेला चिकटली आहे, फोटोत दिसतं त्याहून जास्त चिकटलेली असू शकते. साखर नव्यानं वाढली आहे, वजन उतरलं आहे, वय सत्तरीच्या पुढे, अशा माणसांच्या शिवणी जास्त गळतात. त्यानं वाचलं. मग तू लिहिलं होतंस, या डॉक्टरांना विचारा की हे ऑपरेशन त्यांनी स्वतःच्या हातानं किती वेळा केलं आहे. विचारा, शिवण गळली तर रक्त किती ठेवलेलं असतं, आणि सुट्टीच्या दिवशी तुमच्याजवळ कोण असेल. उत्तर देताना त्यांनी नजर चुकवली तर अंगठा मागे घ्या.

हेही त्यानं वाचलं. त्याच आवाजात. इनोंगे खाटेवर उठून बसली होती.

फोन खाली करून तो म्हणाला, "बरोबर विचारते आहे. मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली पुष्कळ वेळा उभा राहिलो. माझ्या एकट्याच्या हातानं मोजकीच. त्यातली दोन माणसं घरी गेली नाहीत. एकाची शिवण गळली. रक्त मिळतं, पण मागितल्यावर लगेच नाही." नजर त्यानं चुकवली नाही. मीच चुकवली.

"पुढे वाच."

पुढे तू लिहिलं होतंस, आईच्या वेळी मला कोणी असं विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते वाक्य वाचून तो थांबला. मी भिंतीकडे बघत होते. म्हटलं, ऐकलं, पुढे.

आणि मग शेवटचं. ते मी त्याला पुन्हा वाचायला लावलं म्हणून मला शब्दाला शब्द आठवतं. "आजी, हे ऑपरेशन नीट पार पडल्यावरही माणसं जास्त का जगत नाहीत, हे शोधण्यात माझी सगळी वर्षं गेली. अजून मला कळलेलं नाही. कोणाची गाठ परत येणार आणि कोणाची नाही, तेही मी आधी सांगू शकत नाही. तुम्ही साठीच्या असता आणि गाठ शिरेपासून लांब असती तर मी कापून घ्या म्हटलं असतं. आज नको म्हणते. पित्ताच्या वाटेत नळी घालून घ्या. खाज जाईल, भूक येईल. मग जे काही महिने असतील ते तुमचे."

इतकी शिकलीस आणि कळलं नाही असं लिहितेस. मला त्या वाक्यावर सगळ्यात जास्त विश्वास बसला.

तरी मी बिबळ्याला विचारलं. "मी तुझी आई असते तर?"

त्यानं फोन मुबांगाकडे दिला. मग म्हणाला, "आई असती तर मी तिला खोटं सांगितलं असतं. पित्ताचा खडा म्हणालो असतो, आणि कापलं असतं, कारण काहीच न करता तिच्याकडे बघत बसणं मला जमलं नसतं. तुम्ही माझ्या आई नाही, हे तुमचं नशीब समजा."

"मग नळी घाल."

"घालतो."

"आणि तोंड पाडू नकोस. बकरी आज ना उद्या तुझ्याच वाट्याची आहे."

"घाई नाही मला," तो म्हणाला, "पोट भरलेलं आहे."

मुबांगा त्याच्यावर भडकली, हे काय बोलणं झालं म्हणून. इनोंगेनंही उशी फेकायची तयारी केली होती. मला मात्र बरं वाटलं.

आता एक कामाचं. नळी घालताना गाठ ब्रशानं खरवडतात. तो म्हणाला, त्यातलं थोडं शोध घेणाऱ्यांकडे पाठवता येईल, पण तुमचा होकार हवा. मी विचारलं, कुठे, ग्लासगोला? तो म्हणाला, कागद झाले तर तिथेही. मी हो म्हटलं.

त्यावरून काही भलतं समजू नकोस. काम्पाम्बाचं शरीर माझं नव्हतं, ते मी द्यायचं नव्हतं. हे माझं आहे. मी देते. उंदरांपेक्षा वाईट निघालं तर सांभाळून घे.

आजी


कासामा, ६ ऑक्टोबर

सवतीबाई,

घरी आले. खाज गेली. डोळे पांढरे झाले, म्हणजे पूर्वी होते तितपत. काल शेंगदाण्याच्या कुटातली भाजी आणि मक्याच्या उब्वालीचा मुठीएवढा गोळा खाल्ला. मुबांगानं माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी घर बांधलं.

न्डोलाहून निघताना इनोंगेचा निरोप घेतला. तिनं कापून घ्यायचं ठरवलं आहे. तिची गाठ लहान आहे आणि ती माझ्यापेक्षा वीस पावसाळे धाकटी. तिला लुसाकाला नेणार आहेत, तिथे हे जास्त वेळा करतात. बिबळ्यानंच पाठवलं. ती म्हणाली, तुमच्या नातीचे प्रश्न मी तिथे विचारणार आहे. मी म्हटलं, विचार, आणि त्यांचे डोळे बघ. तिचं काय होईल ते तुला माहीत नाही, मलाही नाही.

कपासा फोन करतो. नळी तुंबली तर ताप येईल, थंडी वाजेल, तेव्हा एक दिवसही थांबायचं नाही असं मुबांगाला बजावतो. मग मला फोन द्यायला लावतो आणि विचारतो, अजून आहेस का गं बकरे? मी म्हणते, तुझा जबडा दुखेपर्यंत आहे. काल त्यानं सांगितलं की तू त्याला फोन करतेस. एकदा नाही, दर आठवड्याला. मला सांगितलं नाहीस. तो म्हणाला, ती फार कडक विचारते, मला परीक्षेला बसल्यासारखं होतं. मी म्हटलं, ती चार वर्षांची होती तेव्हाही तशीच होती.

आणि त्यानं सांगितलं की तू महिनाअखेरीला येणार आहेस, रजा मिळाली तर. हे मला तू सांगायचं होतंस. पण असू दे. मलाही कुठे सगळं वेळेवर सांगता येतं.

लोक म्हणतात, शेवटी येईल ती. म्हणजे पुरायला. मी मुबांगाला म्हटलं, तिला लिही, पुरायला नको. त्याला बिबळे पुष्कळ आहेत. कासामातले सगळे बिबळे आत्तापासूनच माझ्या अंगणात बसून माझी कढई कोणाची यावरून भांडतात, मी दारातून ऐकत असते. तेव्हा तू आलीस काय आणि नाही काय, मला कळणार नाही. आत्ता ये. माझी ताकद मी यासाठीच मागे ठेवली आहे.

फार बोलायचं नाही. तुझ्या आईचं निघेल. तू म्हणशील ते मी ऐकून घेईन, मग मला म्हणायचं ते म्हणेन, दोघींपैकी कोणी बदलणार नाही. झालं की आपण मागच्या अंगणात बसू. मसुकूची फळं पिकायला लागली आहेत. मला चोखायला चालतात, बिया तू थुंक.

एवढंच ध्यानात ठेव. मी हल्ली फार झोपते. उन्हात बसल्या बसल्या, जेवताना हात ताटात असताना, बोलता बोलतासुद्धा. हे सांगतानाही मुबांगानं मला दोनदा हलवलं. तू येशील तेव्हा मी बहुधा झोपलेली असेन. तोंड उघडं असेल, बघायला वाईट दिसतं. दमली आहे, राहू दे, असं म्हणून पावलं न वाजवता बाहेर जाऊन बसशील. तुला शिकवलंच तसं मी.

तसं करू नकोस. उठव मला.

बाना काम्पाम्बा